धबधब्याची सगळी छायाचित्रे एकसारखीच का येतात: दोष शोधण्याची पद्धत आणि उपाय

नागपुरात छायाचित्रणाचा छंद असणाऱ्यांना दर पावसाळ्यात एक दुखणे नेमाने होते. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी चिखलदरा, पचमढी किंवा सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल गाठावा, तीनशे-चारशे फ्रेम घेऊन रात्री परत यावे, आणि सोमवारी संगणकावर पाहताना लक्षात यावे की हेच छायाचित्र आपण मागच्या वर्षीही काढले होते. मधोमध कापसासारखे पांढरे पाणी, दोन्ही बाजूंना हिरवळ, खाली काळा खडक. गेल्या पावसाळ्यात मी चिखलदऱ्याच्या भीमकुंड धबधब्याची माझी सहा वर्षांची छायाचित्रे पोस्टकार्डाच्या आकारात छापून घेतली आणि दिवाणखान्यात जमिनीवर ओळीने मांडली. आईने चष्मा लावून ती निरखली आणि विचारले, "एकाच फोटोच्या इतक्या कॉप्या कशाला काढल्या रे?" त्यानंतर मी या दोषाचा पद्धतशीर शोध घ्यायचे ठरवले.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे

या तक्रारीवर बहुतेकजण पहिला उपाय म्हणून सीताबर्डीवर नवी लेन्स पाहायला जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच छायाचित्र अधिक रेखीव काढून आणतात. उपकरणाचा दोष असता तर लग्नाची, रस्त्यावरची आणि घरातली छायाचित्रेही एकसारखी आली असती, पण तशी ती येत नाहीत. म्हणून खर्चाकडे वळण्यापूर्वी एक बिनखर्चाची तपासणी करावी. धबधब्यांची आपण जपून ठेवलेली वीस छायाचित्रे निवडावीत आणि प्रत्येकाच्या तपशिलात कॅमेऱ्याने नोंदवलेल्या तीन गोष्टी कागदावर तीन रकान्यांत उतरवाव्यात: शटर किती वेळ उघडे होते, फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचे दृश्य घेते ते सांगणारा मिलिमीटरचा आकडा) किती होती आणि घड्याळात किती वाजले होते. चौथ्या रकान्यात आपण कुठे उभे होतो ते आठवून लिहावे. मोबाइलच्या छायाचित्रांतही ही माहिती असते.

माझ्या कागदावर जवळजवळ सगळीकडे शटर अर्धा ते एक सेकंद, लेन्स १८ ते २४ मिलिमीटर, वेळ साडेदहा ते एक आणि जागा पर्यटकांसाठीचे कठडे असे निघाले. चारही रकाने सारखे भरलेले असताना छायाचित्रे वेगळी यावीत ही अपेक्षाच चुकीची होती. आपल्या कागदावर ज्या रकान्यात सर्वांत जास्त पुनरावृत्ती दिसेल त्या रकान्यापासून दुरुस्तीला सुरुवात करावी. चारही एकदम बदलायला गेल्यास कशाने फरक पडला ते कळत नाही.

शटरची सवय

बहुतेकांच्या बाबतीत मूळ दोष इथेच सापडतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. पडणाऱ्या पाण्याचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे वाढत जातो. हवेचा अडथळा सोडून दिला तर पाच मीटर खाली आलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर असतो आणि वीस मीटर खाली आलेल्याचा सुमारे २० मीटर. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तर १० मीटर वेगाचा थेंब तेवढ्या वेळात पाच मीटरचे अंतर तोडतो, म्हणजे लहान धबधब्यात तो जवळजवळ अख्खी धारच ओलांडून जातो. अशा वेळी सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर असंख्य थेंबांची सरासरी नोंदवली जाते. धार कुठे फुटली, कुठे तिचा पदर सुटला, वाऱ्याने ती कुठे कलली, हे जे त्या धबधब्याचे स्वतःचे असते ते सगळे या सरासरीत पुसले जाते. मग भीमकुंड काय, पचमढीचा बी फॉल काय आणि गच्चीच्या पन्हाळीतून पडणारे पाणी काय, सरासरी काढली की सगळ्यांचा कापूसच होतो.

या कापसाचा उगम सौंदर्यदृष्टीत झालेला नाही, हे इथे सांगण्यासारखे आहे. कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यातल्या धबधब्यांची छायाचित्रे काढली ती ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी रसायनाचा ओला थर दिलेल्या, मोठ्या काचांवर. १८५१ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत प्रकाशसंवेदन इतके मंद होते की काचेला काही सेकंद प्रकाश दिल्याशिवाय निसर्गदृश्य उमटतच नसे, आणि त्यामुळे पाणी दुधासारखे होई. वॉटकिन्सची ती अडचण होती. आपण मात्र ३ स्टॉपचा, ६ स्टॉपचा, १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश अडवणारी काळी काच (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), पैसे मोजून आणतो आणि तीच अडचण स्वतःवर लादून घेतो. फिल्टर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पण बॅगेतून तो पहिल्यांदा निघू नये.

त्यावरचा उपाय म्हणून मी स्वतःसाठी एक ठोकताळा बसवला आहे. पुस्तकी नियम म्हणून तो घेऊ नये. शटर उघडे असताना पाण्याने ओढलेली रेघ फ्रेमच्या उंचीच्या दहाव्या भागापेक्षा लांब होऊ द्यायची नाही. समजा फ्रेममध्ये १० मीटर उंचीचा भाग दिसतो आहे आणि पाण्याचा वेग सेकंदाला १० मीटर आहे, तर रेघ एक मीटरची हवी, म्हणजे शटर १/१० सेकंद. टेलीने (लांबचे जवळ आणणाऱ्या लेन्सने) त्याच धारेचा केवळ दोन मीटरचा तुकडा घेतला तर रेघ वीस सेंटिमीटरची हवी, म्हणजे शटर १/५० सेकंद. पलीकडच्या कड्यावरून ४० मीटरचा सगळा प्रपात घेतला आणि वेग २० मीटर धरला, तर १/५ सेकंद चालतो. यातून दोन गोष्टी उघड होतात. धबधब्यासाठी अमुक एक शटर योग्य असे काही नसते, आणि लेन्स बदलली की शटरही बदलावे लागते. अशा मधल्या वेगांत पाणी वाहतेही आणि त्याचे पदरही शाबूत राहतात.

दुसऱ्या टोकाला १/१००० सेकंद आहे, जिथे १० मीटर वेगाचा थेंब जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो. नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारी धारेची रचना इथे दिसते. वरच्या काठावर पाणी काचेसारखे अखंड असते, थोडे खाली आल्यावर त्याच्या कडा विरतात, आणि आणखी खाली त्याचे भाल्याच्या पात्यासारखे, खाली टोक आणि मागे शेपूट असलेले पुंजके होतात. पावसाळी उजेडात यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यावा लागेल, तो नि:संकोच न्यावा. पहिल्या पावसांत पाणी गढूळ असताना तर हा वेगवान शटरच कामाचा आहे, कारण गढूळ पाण्याचा कापूस केला की तो साय धरलेल्या चहासारखा दिसतो.

गुळगुळीत पाणी हवेच असेल आणि फिल्टर जवळ नसेल तर ट्रायपॉड न हलवता १/१५ सेकंदाच्या सोळा फ्रेम घ्याव्यात आणि संगणकावर त्यांची सरासरी काढावी. परिणाम साधारण एका सेकंदाच्या शटरसारखा मिळतो, शिवाय छायाचित्रातला दाणेदारपणा चौपट कमी होतो. वेळ वाढवण्यासाठी ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/२२ पर्यंत बंद करणे मात्र टाळावे, कारण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच छायाचित्र मऊ पडते.

या सगळ्याचा सराव करायला नागपूर सोडण्याची गरज नाही. पाऊस लागला की घराच्या वळचणीच्या पागोळ्या आणि गच्चीची पन्हाळ पुरेशी असते. एकाच जागेवरून १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद असे सहा फोटो घ्यावेत आणि शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सलग तीन संध्याकाळी हे केले की धबधब्यासमोर उभे राहिल्यावर बोट आपोआप अर्ध्या सेकंदाकडे जात नाही.

घड्याळाचा दोष

हा दोष खास नागपूरकरांचा आहे. आपल्या शहराच्या अवतीभवती मोठा धबधबा नाही. चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पचमढी आणि भेडाघाट त्याहून लांब, आणि दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा फॉलही दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. सहाला निघायचे, वाटेत तर्री पोह्यासाठी थांबायचे आणि अकराच्या सुमाराला पोचायचे, असा आपला शिरस्ता आहे. नागपूर सुमारे २१ अंश अक्षांशावर असल्याने सूर्य मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास इथे थेट डोक्यावर येतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाही साधारण १२ वाजून २० मिनिटांनी तो डोक्यावरून फार ढळलेला नसतो. ढग फाटले की पांढऱ्या पाण्यावर उभा उजेड पडतो, बाजूचा काळा कडा आणखी काळा होतो, आणि कॅमेरा दोन्ही एकत्र सांभाळू शकत नाही. ढग दाट असतील तर उजेड सर्वत्र सारखा पसरतो आणि धबधब्याला तो मानवतो, पण त्या वेळी आकाशाचा फटफटीत पांढरा तुकडा फ्रेममध्ये येऊ देऊ नये.

इंद्रधनुष्य सापडत नसल्याची तक्रारही याच दोषाची पोटतक्रार आहे. तुषारांतले इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती सुमारे ४२ अंशांवर उमटते. ती दिशा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आपल्या डोक्याची सावली. सपाट जागी उभे राहून समोर पाहत असाल तर सूर्य ४२ अंशांच्या खाली असेपर्यंतच धनुष्य दिसते. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्या भागात सूर्य सकाळी नऊच्या सुमारास ही उंची ओलांडतो आणि दुपारी पावणेचारनंतर परत तिच्याखाली येतो. अकराला पोचून दोनला निघणाऱ्याच्या वाट्याला ते येणारच नाही. अपवाद उंचावरून खाली तुषारांत पाहण्याच्या जागांचा. भेडाघाटला धुआँधार धबधब्याच्या काठावर उभे राहून खाली उसळणाऱ्या धुरासारख्या तुषारांकडे पाहिले तर सूर्य बराच वर असतानाही कमानीचा तुकडा सापडू शकतो. पोलरायझर फिल्टर लावला असेल तर तो फिरवून पाहावा. ओल्या खडकाची चकाकी काढणारा हा फिल्टर एका स्थितीत इंद्रधनुष्यही पुसून टाकतो, आणि धनुष्य नव्हतेच असा आपला समज होतो.

उपाय दोन आहेत. एक तर मुक्काम करावा. ते जमत नसेल तर निघण्याची वेळ उलटी करावी, म्हणजे दुपारी तीनला पोचावे आणि उजेड उतरेपर्यंत थांबावे, फक्त घाटातला धुक्याचा परतीचा रस्ता लक्षात घ्यावा. तिसरा मार्ग जवळची जागा निवडण्याचा. सौंसरच्या पुढे छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीच्या डोंगरांत कुकडीखापाचा धबधबा आहे. प्रसिद्धीत तो पचमढीच्या जवळपासही नाही. मात्र पहाटे साडेचारला निघणाऱ्याला तिथे सकाळचा कोवळा, तिरपा उजेड मिळू शकतो, आणि मला विचाराल तर लांबच्या प्रसिद्ध धबधब्याच्या दुपारपेक्षा जवळच्या साध्या धबधब्याची सकाळ केव्हाही चांगली.

घड्याळाबरोबर दिनदर्शिकाही तपासावी. पोळा झाला, मारबत निघाली, की आपल्याकडे धबधब्यांचा हंगाम संपला असे मानले जाते. खरे तर सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याचा लोंढा ओसरतो, गढूळपणा जातो, आणि जिथे आधी एकच पांढरी भिंत होती तिथे खडकाच्या बांधणीप्रमाणे वेगळ्या झालेल्या धारा दिसू लागतात. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवर पैनगंगेवरचे सहस्रकुंड याच दिवसांत आपले नाव सार्थ करते.

पाण्याकडून खडकाकडे

पाणी सगळीकडे एकच आहे, खडक वेगळा आहे, ही गोष्ट लक्षात यायला मला सहा वर्षे लागली. चिखलदऱ्याचा खडक काळा बेसाल्ट आहे, लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला, त्यामुळे तिथल्या कड्यांना पायऱ्या पडतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरते. पचमढीचा खडक गोंडवनी काळातला वालुकाश्म, तांबूस-पिवळट, पाण्याने घासून गोलसर झालेला. भेडाघाटला नर्मदा संगमरवरातून वाट काढते. फ्रेमचा निम्मा भाग खडकाला दिला तरी ही तीन ठिकाणे एकमेकांसारखी दिसूच शकत नाहीत. खडकाप्रमाणे एक्स्पोजरही बदलावे लागते. काळ्या बेसाल्टने फसून कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि पाणी जळते, म्हणजे तपशील हरवून पांढरेफटक होते, म्हणून तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा. संगमरवर आणि पांढरे पाणी एकत्र आले की उलट होऊन छायाचित्र करडे येते, तिथे थोडे वाढवावे. दोन्ही ठिकाणी हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेड-अंधाराच्या आलेखाची) उजवी कड पाहूनच पुढे जावे.

कठड्यापाशी उभे राहणे भाग असेल तर वाईड लेन्स काढून ७० ते २०० मिलिमीटरची लावावी आणि धबधब्याचे तुकडे पाहावेत: एक पायरी, एक वळण, पाण्याआड अर्धवट दिसणारे एक झुडूप. कठडा सोडता येत असेल तर प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला जावे. पचमढीत अप्सरा विहारचे उथळ कुंड आणि तिथला छोटा धबधबा आपण पाहतो, आणि तेच पाणी थोडे पुढे जाऊन रजत प्रपात म्हणून दरीत कोसळते. या दोघांची एक मालिका कोणी करताना मी पाहिलेले नाही, कारण पहिल्या ठिकाणी लोक आंघोळ करतात आणि दुसऱ्या ठिकाणी सेल्फी काढतात. प्रवाह ओलांडून जाण्याच्या मोहात मात्र पडू नये. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वर पाऊस झालेला असू शकतो आणि पाणी काही मिनिटांत चढते. शेवाळलेल्या बेसाल्टवर ट्रायपॉडचा पायही टिकत नाही, तिथे आपला काय टिकणार.

माणसे फ्रेममधून जाण्याची वाट पाहणे हीदेखील एक सवयच आहे. माणसाशिवाय दहा फुटांचा नाला आणि शंभर फुटांचा प्रपात यांतला फरक छायाचित्रात कळत नाही. बी फॉलखाली उभे राहून खांदे आक्रसून डोक्यावर पाणी घेणारा पोरगा धबधब्याचा जोर सांगतो, आणि तो जोर कोणत्याही शटरने दाखवता येत नाही. ओळखू येईल असा कोणाचा चेहरा घ्यायचा असेल तर आधी विचारावे, एवढेच.

हे सगळे करूनही फ्रेम सुचत नसेल तर

अशा वेळी डोळा थकलेला असतो, आणि हे अक्षरशः खरे आहे. रॉबर्ट ॲडम्स याने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी एक अनुभव नोंदवला: पडत्या पाण्याकडे काही वेळ टक लावून पाहिले आणि मग नजर बाजूच्या स्थिर खडकावर नेली, तर खडक वर सरकू लागल्याचा भास होतो. खालच्या दिशेची गती सतत पाहून दृष्टीची तिच्याबद्दलची जाणीव बोथट झाल्याने असे घडते. आपण गाडीतून उतरताच धबधब्याकडे पाहतो आणि पाहतच राहतो. मी आता पोचल्यावर पहिली दहा मिनिटे पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. तुषार कुठवर पोचतात, कोणती पाने सारखी हलतात, कोणत्या खडकावर नेचे उगवले आहे आणि कोणता कोरडा आहे, हे पाहून मग वळतो. माझ्या अलीकडच्या चांगल्या छायाचित्रांपैकी दोनांत धबधबा दिसतच नाही. एकात त्याच्या वाऱ्याने एका बाजूला वाकलेले गवत आहे, दुसऱ्यात तुषारांनी भरलेले कोळ्याचे जाळे.

चिखलदऱ्याला एक अडचण उरतेच. ऑगस्टमध्ये धुके असे उतरते की भीमकुंड तासन्तास दिसत नाही, आणि माणसे गाडीत बसून ते विरण्याची वाट पाहतात. त्या वेळी गाडीत बसू नये. ट्रायपॉड लावून, फ्रेम पक्की करून, दर मिनिटाला एक या हिशेबाने फोटो घेत राहावे, कारण धुके एकदम उठत नाही, ते आधी एखाद्या पायरीपुरते फाटते आणि तेवढीच धार कड्याशिवाय, तळाशिवाय, अधांतरी दिसते. कॅमेरा धुक्याला पाहून कमी प्रकाश घेतो, म्हणून एक स्टॉप वाढवून ठेवावा, फोकस आधीच हाताने लावून ठेवावा, आणि लेन्सची काच दर दोन-तीन फ्रेमनंतर कोरड्या कपड्याने पुसावी. असे चार कपडे तरी सोबत असावेत, कारण पहिले दोन अर्ध्या तासात ओले होतात.